शेवटची येस

रकाना विचारतो : आजार कुठून आला?
मी पाड्याची आशा. एक निळं पेन, एक ऑक्सिमीटर,
त्याचे सेल अधूनमधून संपलेले.

धवळू भगत म्हणाला, लिही, पायवाटेनं.

मग सांगत बसला.
त्याच्या बापाच्या काळात पटकी आली,
तिला कुणी हाकललं नाही. पाहुणी ती.
हातभर लाकडी गाडी केली, चाकं पांगाऱ्याची,
वर नागलीची भाकर, कुंकू, हिरव्या बांगड्या,
आणि अख्खा पाडा तिला ओढत
येशीपर्यंत. येताना
मागं वळून बघायचं नाही.
पुढचं गाव तिला जेवू घालणार, आपल्या येशीवर नेणार,
मग त्याच्या पुढचं,
अशी ती सुरगाण्याचा घाट उतरून जायची.

आणि शेवटच्या गावानं काय करायचं?
धवळू तंबाखू मळत राहिला.
तिथवर आम्ही कधी गेलो नाही, बाई.

एप्रिलात ती घाट चढून वर आली.
दिंडोरीच्या मळ्यातली खरडछाटणी अर्धी टाकून
येसू थविल दोन रात्री चालला,
खोकला सोबतीला.
येशीवर ऐनाची फांदी आडवी होती.
(तहसीलचा कागद आठ दिवसांनी आला,
त्यात तिचं नाव वेगळं होतं.)
येसू शेतातल्या खोपीत राहिला.
त्याची आई सकरी दगडावर पेज ठेवायची,
वीस पावलं मागं यायची
आणि तिथनं शिव्या घालायची,
तो उलट बोलेपर्यंत.

नवव्या दिवशी तो उलट बोलला नाही.
सकरीनं फांदी ओलांडली.
कुणी अडवलं नाही. धवळूनं नाही. मीही नाही.
झोपला होता मेला.
चौऱ्याण्णव, माझ्या मशीनवर.
मग तीही तिथंच बसली, चौदा दिवस,
मोजायला ओटीत खडे घेऊन.

पुढच्या उन्हाळ्यात धवळू.
आकडा सत्तरवर आला तेव्हा कुठं अँब्युलन्स चढली,
त्याला घेऊन नाशिकला उतरली.
आम्ही येशीपर्यंत गेलो.
सकरीनं त्याच्या उशाशी भाकर ठेवली,
ड्रायव्हर काही बोलला नाही.
येताना सगळ्यांनी मागं वळून बघितलं.

चौथ्या दिवशी फोन आला. तिकडंच उरकलं म्हणाले.
धवळू शेवटच्या गावापर्यंत गेला,
तिथं काय करतात
ते सांगायला आला नाही.