चार थेंब

किलोभर खव्याला चार थेंब.
पाचवा पडला की बर्फी कडू,
हे मी हलवायांना सांगत आले बावीस वर्षं,
इतवारीत, मस्कासाथच्या तोंडाशी,
जिथं शटर वर केलं की
केवडा, खस, विलायची, संत्रा
एकदमच अंगावर येतात
आणि समोरचा मिरचीवाला, ज्याच्या पोत्यांनी अख्खी गल्ली शिंकते,
माझ्या दुकानाला नाक मुरडतो.

लोकेश परातेनं पहिल्याच दिवशी विचारलं,
"काकू, हे पाण्यात विरघळते का तेलात?"
मला असं कोणी विचारत नाही.
लोक विचारतात, कितीले देता.
मी हरखले. आतून काचेचा ग्लास आणला,
संत्र्याचं तेल पाण्यावर कसं तरंगत राहतं ते दाखवलं,
दालचिनीचा अर्क कसा गुमान मिसळतो, तेही.
म्हटलं, पोट्टा शरबताचा धंदा टाकून राहिला.
दहा रुपये कमी घेतले.

दर पंधरवड्याला यायचा.
संत्रा, पेपरमिंट, एकदा व्हॅनिला.
ग्लिसरीन औषधाच्या दुकानातून आणायचा,
मापं लिहायची पॉलिटेक्निकची वही, मागून उघडलेली,
पानावर एक तेलकट डाग,
ज्यातून पलीकडची गणितं दिसायची.

एकदा चहाच्या टपरीमागे
त्याच्या तोंडातून ढग निघाला.
पेनाएवढं यंत्र त्यानं झटकन मुठीत लपवलं,
पण ढगाला माझ्या तिसऱ्या फळीचा वास होता.
खोटं कशाला बोलू, मला छान वाटलं.
विडी नाही, खर्रा नाही,
संत्रा.

मग त्याची बहीण आली.
एका हातात मेडिकलच्या वॉर्डाचा पास,
दुसऱ्या हातात माझी बाटली.
"डॉक्टर विचारून राहिले, याच्यात काय आहे."
मी चष्मा लावला, माझंच लेबल मोठ्यानं वाचलं,
वर्गात उभं केल्यासारखं:
संत्र्याच्या सालीचं तेल. खाण्यास योग्य.
ती म्हणाली,
"खाल्लं कुठी त्यानं?"

पोट मोठ्या मनाचं.
नको ते ओकतं, पचेल ते ठेवून घेतं,
बाकीचं सकाळी पुढं ढकलतं.
छातीला मागचं दार नाही.
तिथं गेलेलं तेल
वहीच्या पानावर पडल्यासारखं पडतं;
पुसलं की पसरतं.

त्या रात्री आठवलं काटोलचं घर,
लाइट गेली की आम्ही भावंडं मेणबत्तीपाशी
संत्र्याची साल दुमडून पिळायचो.
ज्योत तडतडायची, ठिणग्या, टाळ्या,
आणि कोणाच्या डोळ्यात फवारा गेला
की झोपेपर्यंत भोकाड.
म्हणजे मला ठाऊक होतं.
जिभेला गोड ते डोळ्याला विस्तव,
मग डोळ्याहून नाजूक जागेला काय,
एवढा प्रश्न बावीस वर्षांत सुचला नाही.
पोरानं अर्धा तरी विचारला होता.
मी ग्लासातलं तेल दाखवत बसले.

आता प्रत्येक बाटलीवर हातानं लिहिते:
फक्त खाण्यासाठी. ओढायला नाही.
गिऱ्हाईक हसतात.
"अत्तर का बिडी आहे का, ओढाले?"
मी हसत नाही, सुटे मोजून देते.
कोणी पोट्टं तेलाचं न् पाण्याचं विचारू लागलं
की आधी त्याला स्टुलावर बसवते,
ग्लास आणत नाही.

मृगाचा बहार बाजारात आला तेव्हा लोकेश आला.
दोन पायऱ्या. मध्ये थांबला.
गळ्याखालचा खड्डा आत जायचा, बाहेर यायचा.
समोर मिरचीचं पोतं आपटलं,
गल्ली शिंकली, तो खोकला,
आणि मिरचीवाल्यानं, त्या बारमाही भांडखोरानं,
दुसरं पोतं खांद्यावरच धरून ठेवलं,
खोकला थांबेस्तोवर.

"खाऊ तं शकतो ना काकू?"
शकतोस की.
टोपलीतलं एक घेतलं,
काउंटरच्या खाली, त्याच्याकडे पाठ करून सोललं,
साल पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली,
हात धुतले,
मग फोडी पुढं केल्या.