नाव घातलेलं ताट

शेफील्डला नोव्हेंबरात चारलाच दिवा लावावा लागतो.
तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात हीटर नुसता खोकतो,
सहाही जण कोट न काढता बसलेत:
मोंझेची मुटिंटा, लिलाँग्वेचा चावानांग्वा,
मासेरूची रेफिलोए,
बाकीचे तिघे थंडीने मुके.

मी शिकवते, मुलाखत कशी घ्यावी.
प्रश्न उघडा ठेवा. मान डोलवू नका.
"तुम्हाला कधी भेदभाव सोसावा लागला का?"
असं फळ्यावर लिहिलं
आणि मुटिंटाने पेनाचं टोपण चावलं.

"असं विचारलंत तर सगळ्या नाही म्हणतील.
माझी आत्या तर शपथेवर नाही म्हणेल.
तिला विचारा, घरातले मग कुठे टांगता,
आणि तुमचा कुठे."

मी ओळ पुसली. पुरती पुसली गेली नाही.

मग शब्दाची गोष्ट निघाली.
प्रत्येकाने आपापल्या भाषेतला सांगायचा.
चावानांग्वा म्हणाला, आमच्या घरी मोठ्याने म्हणायचा एकही नाही,
कुजबुजायचे चार आहेत.
रेफिलोएचा माझ्या जिभेवर बसेना.
माझी पाळी आली. कलंक, मी म्हटलं,
आणि लगेच खोटं वाटलं.
कलंक चंद्राला असतो.
त्याच्याकडे बघत मुलं जेवतात.

दुपारी जोड्या लावल्या. एक जण कमी पडला,
म्हणून मुटिंटासमोर मीच बसले.
रेकॉर्डरचा लाल ठिपका.
"तुमच्या घरात," तिने विचारलं,
"कुणाचं भांडं वेगळं होतं?"

मिरजेचा दिगूमामा. ट्रकवर असायचा, मग घरीच असायचा.
मामीने त्याला टाकलं नाही, हे सगळे सांगतात,
आणि ते खरंच आहे. पाय चेपले, गोळ्या वेळेवर दिल्या.
फक्त एक ताट, एक वाटी, एक पेला
भांड्यांच्या दुकानात नेऊन नाव घालून आणलं: दिगंबर.
आमच्याकडे नाव घालतात बारशाला, लग्नात,
कुणी कुणाला दिलं ते पुढे कळावं म्हणून.
हे मिसळू नये म्हणून होतं.
(नावं ठेवणं वेगळं. ते शेजारी करायचे, फुकट.)
मी नऊ वर्षांची. एकदा चुकून
त्याच ताटात भात वाढून घेतला.
सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्याने
मामाच ओरडला.

यातलं काहीच मी बोलले नाही.
मुटिंटाच्या कागदावर पुढचा प्रश्न होता,
तो तिने विचारला नाही.
हे मी शिकवलं नव्हतं.

सकाळी तिने लिहून काढलेली प्रत दिली:
*शांतता, अकरा सेकंद. बाहेर ट्राम.
सहभागी: "स्टीलचं होतं."*

डाग न पडणारं पोलाद
याच गावाने जगाला दिलं, असं इथे अभिमानाने सांगतात.
कँटीनमधला चमचा मी उलटा करून बघितला.
दांड्यावर गावाचं नाव. बोट फिरवलं, अक्षरं लागली.
मुटिंटाने तो माझ्या हातून घेतला,
आपला चहा ढवळला, चाखला,
आणि परत देताना
पुसला नाही.