पाच

कारागांडाच्या शाळेत एकाला म्हणत खुंटा,
जमिनीत ठोकलेला.
दोन म्हणजे हंस, वहीच्या पाण्यात मान वाकवून.
तिनाला घरी कुणी काही बोलत नसे.
आणि पाचाला प्यातोर्का म्हणत, लाडानं,
जणू ती शेजारची मुलगी.

चौऱ्याण्णव साली आम्ही पाडरबोर्नला आलो.
तीन बॅगा, एक शिवणयंत्र,
आणि आडनावापुरतं उरलेलं जर्मन.
दुसऱ्याच महिन्यात श्रुतलेखन.
सतरा चुका. खाली लाल शाईत पाच,
आणि बाईंची ओळ: पालकांची सही आणणे.

इथं आकडे उलटे चालतात
हे मला मधल्या सुट्टीतच कळलं होतं.
एक सगळ्यात वर, सहा तळाशी,
पाच म्हणजे बुडाल्यात जमा.
पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं.

आई इस्पितळाच्या फरशा पुसून आलेली,
बोटांना क्लोरीनचा वास.
वही उघडली, आकडा पाहिला,
आणि पीठ मळायला घेतलं.
कोबीचा पिरोग, वरून अंड्याचा हात.
वाल्देमारला म्हणाली, बघ, ताईकडून शिक.
सही केली सिरिलिकमध्ये, ऐसपैस,
शेजारी एक फूल काढलं.
मी दोन तुकडे खाल्ले.
खोटं बोलले नाही. बोललेच नाही.

हिलेब्रेख्तबाई ते फूल बराच वेळ बघत राहिल्या.

वसंतात गणितात एक मिळाला.
पळत घरी आले
आणि दारातच आठवला खुंटा.
आईनं वही मिटली, पाठीवरून हात फिरवला,
म्हणाली, होतं असं कधी कधी. चहा घे.
एकाचं सांगावं,
तर पाचाचाही हिशेब द्यावा लागला असता.
मी चहा घेतला.

गेल्या साली तिचं कपाट आवरताना
शाळेचा तक्ता सापडला, घडी पडलेला.
प्रत्येक आकड्यापुढं पेन्सिलीनं अर्थ, तिच्या अक्षरात.
पाचापुढं: अपुरे.
वर शिक्का सप्टेंबरचा,
श्रुतलेखन ऑक्टोबरातलं.

म्हणजे पिरोग ठरवून होता.
आणि मग पुढं, बिचारीला,
एकाचा खुंटाही धरून बसावं लागलं.

आता लाल पेन माझ्या हातात.
वर्गात हमीदुल्ला आहे, त्याच्या गावी शंभरातले मोजतात.
त्याला वाटतं, पाच म्हणजे शंभरातले पाच.
मी म्हणते, इतकं वाईट नाही रे,
आणि सहीसाठी जागा
जरा जास्तच सोडते.