धोंड्याचा महिना

जुबैलच्या कोर्टातली तिसरी खिडकी.
कारकुनानं अर्ज उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला,
आणि म्हणाला, मुदत संपली.
कधी?
सव्वीस दिवस झाले.

म्हटलं, साहेब, अजून आठवडा आहे,
आणि खिशातून डायरी काढली.
चिपळूणच्या पतपेढीची. मेहुणा पाठवतो दरवर्षी.
तिच्यात लाल शाईनं मीच गोल केला होता.
त्यानं ती हातातही घेतली नाही.
पार्किंगवरच्या रिकाम्या आभाळाकडे बोट केलं:
तीन वर्षं. पण चंद्राची.

चंद्राचं वर्ष अकरा दिवसांनी आखूड,
तीन वर्षांचे तेहतीस.
मला हे ठाऊक नव्हतं असं नाही.
सोळा वर्षं इथं भाषांतर करतोय.
श्रावणातला रमजान मागे सरकत सरकत
माघात आलेला पाहिलाय.
तरी गोल केला तो पतपेढीच्या डायरीत.

आत आहे तो भालचंद्र नाचणकर, मुक्काम संगमेश्वर.
ट्रेलर मागे घेताना एक माणूस दिसला नाही.
रक्ताचे पैसे फिटेपर्यंत आत.
ते प्रकरण वेगळं, त्याबद्दल तो कधी तक्रार करत नाही.
हे तुरुंगाच्या धोबीखान्यातलं:
चादरी ओढणाऱ्या गरम रुळात उजवा हात गेला,
तर्जनी आणि मधलं बोट.
रूळ ठेकेदाराचा. दावा ठेकेदारावर.

दवाखान्याचा कागद मिळायला चौदा महिने.
मग त्याला दुसऱ्या बराकीत हलवलं, कागद पहिलीतच राहिला.
वकीलपत्रावर शिक्का हवा,
शिक्केवाला मंगळवारी येतो,
आणि किती मंगळवार तो आलाच नाही
याची नोंद कुठल्याच डायरीत नाही.

मी खिडकीत पुन्हा वाकलो.
जो माणूस दारापर्यंत येऊ शकत नाही
त्याचा काळ दारात थांबत नाही का?
कारकून तसा वाईट नव्हता. चहा पुढे सरकवला.
म्हणाला, दार बंद असलं तरी चंद्र उगवतोच ना.
मी हे वाक्य मराठीत कसं आणू
याचाच विचार करत बसलो. सवय.

काचेपलीकडे फोन कानाला लावून
भालचंद्रानं सगळं ऐकून घेतलं.
मग उजवा पंजा काचेवर ठेवला,
अंगठ्यानं पेरं मोजू लागला,
करंगळी, अनामिका, कार्तिक, मार्गशीर्ष,
आणि सहाव्या पेराशी अडला.
माझं वर्षच आता सहा महिन्यांचं, दादा,
तुम्ही तरी काय करणार.
हसला.
कपाळावर चंद्र असलेलं नाव ठेवलंन बापानं, म्हणाला,
आणि फोन ठेवण्याआधी विचारलं,
तुम्ही जेवलात का?

त्याला मी अजून सांगितलेलं नाही
की तारीख माझी चुकली.
कायदा चुकला, असंच सांगितलंय.

रात्री वासंतीवहिनींचा फोन आला, संगमेश्वरहून.
सव्वीस दिवस त्यांना कळेनात.
म्हणाल्या, आपल्याकडे नाही का,
चंद्र मागे पडला की एक महिना जास्तीचा घालतात,
सूर्यानं थांबायचं तेवढं?
म्हटलं, घालतात.
मग त्यांच्याकडे नाही?
म्हटलं, नाही, वहिनी. त्यांचा चंद्र कुणासाठी थांबत नाही.

बराच वेळ नुसता भांड्यांचा आवाज.
मग त्या म्हणाल्या,
यंदा धोंडा आहे. आईनं तांदूळ भिजत घातलेत.
जावयाचे तेहतीस अनारसे,
गेल्या खेपेला शेजारच्या पोरांना वाटले.
या वेळी कुणाला द्यायचे, विचारते.

तेहतीस.
मी डायरी उघडली, लाल गोलापासून
बोटानं मागे मागे मोजत गेलो,
दोनदा,
तेवढेच भरले.