हरकत

माझं दुकान अशोक चौकाच्या आत, तिसऱ्या बोळात.
पाटीवर झेरॉक्स, पॅन कार्ड, लाइट बिल, विडी कामगार पेन्शन.
गाण्याबजावण्याचं त्यात काही नाही.

तरी दस्तगीर मास्तर आले,
सोलापूरच्या एप्रिलात, भर दुपारी,
क्लॅरोनेटची पेटी काखेत, डोक्यावर ओला रुमाल.
नापास पोराचं प्रगतिपुस्तक पुढे करावं
तसा फोन धरला माझ्यासमोर.
स्क्रीनवर एकच ओळ:
ही धून तुमची नाही.

मालक म्हणून एक कंपनी होती,
जिचा पत्ता नकाशातही सापडेना.
"बेटी, मेरीच है ये," मास्तर म्हणाले,
"गड्ड्यात सुचली, आकाशपाळण्याखाली."
वर्षाला सत्तर वराती वाजवणारा माणूस
पहिल्यांदाच स्वतःचं काहीतरी वाजवून बसला होता.

मी फॉर्म भरणारी बाई.
लोकांची चुकलेली आडनावं दुरुस्त करते.
म्हटलं, हेही तसंच असणार.

रकाना: पुरावा.
करार? नाही.
नोटेशन? नाही.
साक्षीदार?
"छतावर मी आणि पाण्याची टाकी."

मग हेडफोन घालून नऊ वेळा ऐकलं.
धुनेच्या तळाशी यमुलांचा माग,
पुसून पुसून उरलेला, खटक् खटक्.
दोन मिनिटं अकरा सेकंदांवर लाइट जाते.
माग थांबतो.
त्या अचानक शांततेला मास्तर दचकतात,
आणि सुटलेला सूर
फुंकरीएवढा हलका परत घेतात.

कंपनीच्या फाइलमध्येही
लाइट तिथंच गेली होती.

मी लिहिलं: या ठिकाणी आमच्या गल्लीची वीज जाते.
सोबत जोडला
यमुलांनी त्या रात्री केलेल्या तक्रारीचा नंबर.

माझे वडील जेकॉर्डवर होते.
नकली चादरी बाजारात आल्या तेव्हा
मालकानं काठातच नाव विणायला लावलं.
नाव काढायचं तर चादर उसवावी लागे.
तेच मी आता शिकवते:
धून वर चढवायच्या आधी
फाइलच्या पोटात नाव घाला,
वाजवणाऱ्याचं, बांधणाऱ्याचं, तारीख, गाव.
काठ कोरा सोडू नका.

बातमी बोळाबोळांनी गेली.
रविवारी शटर अर्धं ओढून बसलो:
हलगीवाला सुभान, फोनवर ठेके बनवणारा बिटलांचा श्रीनिवास,
विडी घरकुलातून तेलुगू भजनं म्हणणाऱ्या सहा बायका.
"किती मिळतात?" नरसव्वानं विचारलं.
खरं ते सांगितलं: हजारदा ऐकलं तर एक कटिंग,
तोही कधी कधी.
"म्हणजे तिथंही हजारावरच मोजतात.
आमच्या हजारातली छाट कारखानदार काढतो.
तिथं छाट कोण काढतं?"

मला उत्तर आलं नाही.
दुसऱ्या कुणालाही आलं नाही.

तीच म्हणाली, "विडीची युनियन झाली
तेव्हाही लोक हसलेच होते. लिही."
लिहिलं. हिशोब दाखवा,
दावा लावण्याआधी विचारा,
माणूस बोलेल असा एक नंबर द्या.
एक्केचाळीस सह्या, सात अंगठे.
अंगठ्यांना तंबाखूचा वास.

निकाल अजून नाही.
पाणी पाचव्या दिवशी तरी येतं.
फक्त एक पोच आली, मराठीतून, यंत्रानं लिहिल्यासारखी:
आपली हरकत नोंदवण्यात आली आहे.

मास्तरांना वाचून दाखवली.
"हरकत?" ते हसले,
"अरे, वो तो अंतरे में है. अब सुनी क्या उन्होंने?"
आणि पेटी उघडून, झेरॉक्स मशीनला टेकून
तेवढीच जागा वाजवली,
चार सुरांची, पटकन वळून परत येणारी.

मशीन कुणाचं तरी लाइट बिल ओकत राहिलं.
पुढचं गिऱ्हाईक पॅन कार्ड धरून उभं होतं,
ऐकत.
त्याचंही नाव चुकलं होतं.