जावळ

हैदराबादेत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत
तासभर बसून राहिलो आम्ही,
सात पिल्लं आणि आम्ही तिघं,
रेवाला शिंका येतात का ते बघत.
उदगीरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं:
केस कमी गळतात, गळतच नाहीत असं नाही.
आई लॅब्राडॉर, बाप पूडल,
पोरं कुणावर जातील ते कुणी लिहून देत नाही.
आधी आईबापाच्या खुब्याचे एक्स-रे मागा,
मग पिल्लाचे डोळे बघा.

ती दोनदा शिंकली.
दोन्ही वेळा वैजूनं माझ्याकडं बघितलं.
तिसरी शिंक आलीच नाही.
सहा पिल्लं अंगावर धावून आली,
सातवं तिच्या चपलेवर डोकं ठेवून झोपलं.
धीटही नको, भित्रंही नको, एवढं मी वाचून गेलो होतो.
झोपाळू चालेल का, ते वाचायचं राहिलं होतं.

बिदरच्या रस्त्यावर त्यानं माझी मांडी ओली केली.
डोक्यावर जर्दाळूच्या रंगाचे कुरळे,
कात्री न लागलेल्या लेकरासारखे.
वैजू म्हणाली, जावळ.
तेच नाव झालं.

गल्लीत पहिला प्रश्न: कोणत्या जातीचं?
दोन जातींचं, मी म्हणालो.
कस्तुराकाकू हसल्या, मग जीभ चावून गप्प.
या घराला तो प्रश्न विचारून बारा वर्षं झालीत.

मला वाटलं होतं, भाकर टाकली की कुत्रं वाढतं.
दिवसभर मोटारी भरून, तांब्याच्या तारेनं सोललेल्या बोटांनी
रोज रात्री मी ह्याची वेणीफणी करतो.
कानामागं, काखेत, शेपटीच्या मुळाशी.
वरवर विंचरलं तर वर रेशीम, खाली नमदा.
अंघोळ नळाच्या दिवशी, म्हणजे आठव्या दिवशी.
ते पाणी कढीपत्त्याला.
कान पुसून कोरडे, नाहीतर आंबूस वास सुटतो.
पाणी पिऊन दाढी झाडतो तो घरभर, मागं वैजू फडकं घेऊन:
लोक टँकरखाली भांडतात अन् हे फरशीला पाणी घालतंय!
मे महिन्यात फिरणं साडेपाचलाच.
आधी मी डांबरावर तळहात ठेवतो,
येणारेजाणारे समजतात, काहीतरी हरवलंय.

एकदा किल्ल्यामागं सुटला आणि
गोखरू, कुसळं, आघाड्याचं बी घेऊन आला.
तीन रात्री फणी, दोन फण्या मोडल्या.
लातूरच्या पार्लरवाल्याची तारीख दहा दिवसांनंतरची.
तेव्हा वावरात मेंढरं बसवलेल्या बिरूबाला बोलावलं.
कातर हातात धरून तो बराच वेळ बघत राहिला.
"कुत्रं हाय का मेंढरू, तुमचं तुम्हाला तरी ठावं हाय का?"

त्याच दिवशी शेषेराव आले, वैजूचा भाऊ.
शेताच्या कागदावर बहिणीची सही पाहिजे होती.
चहा नको म्हणाले, पाणीही.
ओट्यावरच्या खुर्चीच्या काठावर बसले.
रेवाच्या जावळाला मामाची मांडी नव्हती,
दुकानातल्या इलियासनं दिली होती.

कातर खणखणली तसं कुत्रं उसळलं.
"मांडीवर घ्या की कुणीतरी, कान कापला जाईल!"
मी मागचे पाय धरलेले, वैजूच्या हातात टॉर्च.
शेषेरावांनी आपल्या इस्त्रीच्या पांढऱ्या पँटकडं बघितलं,
कागद खुर्चीखाली सरकवला
आणि खाली बसून मांडी घातली.
"मामा, मान घट्ट धरा," रेवा म्हणाली.
आजवर हा शब्द तिनं
फक्त शाळेच्या रिक्षावाल्यासाठी वापरला होता.

आतून निघालं एक किडकिडीत, गुलाबी, लाजलेलं जनावर.
अर्धं कुठलं आणि अर्धं कुठलं, काही कळेना.
बिरूबानं मूठभर केस तळहातावर तोलले.
"घोंगडीच्या कामाचं न्हाई. लई मऊ हाय."

सही झाली. पाणीही झालं, उभ्याउभ्या, अर्धा तांब्या.
जाताना शेषेराव पँट झटकत होते.
हे केस गळत नाहीत म्हणतात, चिकटतात मात्र.
फाटकापाशी झटकले, गाडीपाशी झटकले,
काच वर करतानाही एक हात मांडीवरच होता.