अर्ध्या टक्क्याची जबानी

गावाचं नाव सूर.
घरी पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा
धाकटा म्हणाला, मग लागला का?
हसलो. लागायला अकरा वर्षं गेली.

मी मीटर तपासतो.
नळीतून वायू जातो, दिसत नाही,
वासही नसतो; तो मागाहून घालतात,
माणसाला धोका कळावा म्हणून.
किती गेला ते यंत्र सांगतं.
यंत्र खरं बोलतं का, ते मी.

ऑगस्टात नगरपालिकेच्या सभागृहात सुनावणी.
नवं नियामक मंडळ, खजुराच्या तबकाशेजारी
मसुद्यांची चळत,
आणि शम्सा अल-अरैमी, तिशीची असेल,
समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्हं काढत बसलेली.
वीजवाला म्हणाला, उन्हाळ्यात आधी आम्ही,
अख्खं शहर एसीत झोपतं.
निर्यातवाला म्हणाला, जहाज थांबत नसतं,
करार वीस वर्षांचा आहे.
सिमेंटवाला नुसता बोटं मोडत होता.

मग उठला खमीस, बर्फाच्या कारखान्याचा.
त्याचं इंजिन गॅसवर. ते अडलं
की बंदरावरची सुरमई दुपारी मांजरांची.
तो म्हणाला, माझ्या आजोळी, डोंगरात, फलज आहे.
एक पाट, दोनशे खजूरवाले.
वाटणारा म्हातारा दिवसा काठीची सावली मोजतो,
रात्री तारे.
भांडणं होतात, होत नाहीत असं नाही.
पण काठी उघड्यावर रोवलेली असते.
ज्याला शंका, त्यानं यावं, सावली बघावी.
तुमची काठी कुठंय?

सगळे माझ्याकडे वळले.

मला पांझरेकाठचा फड आठवला.
आबा पाटकरी होते. रात्री कंदील घेऊन
बारी सोडायला जायचे,
शेवटच्या वावराचा वाफा भिजल्याशिवाय
भाकरीला हात लावत नसत.
आई चुलीपाशीच पेंगायची, तिचा राग वेगळाच.
आमचं वावर पाटाच्या तोंडाशी होतं.
म्हणूनच आमची बारी सगळ्यात शेवटी.

कुरुविलासाहेब शेजारी होते.
टेबलाखाली त्यांचा बूट माझ्या बुटावर आला,
जोरात नाही. आठवण करून देण्यापुरता.

मी नोंदवही उघडली.
म्हणालो, फरकाची मुभा एक टक्का.
खमीसच्या मीटरवर फरक अर्धा.
म्हणजे नियमात आहे.
साहेबांनी श्वास सोडला.
म्हणालो, पण तीन वर्षं झाली,
छत्तीस बिलं, छत्तीसही वेळा
तो अर्धा टक्का त्याच्या नावावर जास्तच.
एकदाही कमी नाही.
चूक असते ना, ती दोन्हीकडे झुकते.
एकाच बाजूला झुकते तिला
आमच्याकडे दुसरं नाव आहे.
मापात पाप, हे त्यांना अरबीत सांगता येईना,
मग दोन्ही तळवे तराजूसारखे धरले
आणि एकावर अंगठा दाबला.

खमीस हसला नाही, रागावलाही नाही.
त्याने फक्त कागदावर छत्तीस लिहिलं
आणि गुणाकार करायला लागला.

शम्साने विचारलं, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?
विचारलं नाही कुणी, म्हणालो.
उत्तर खरं होतं. पुरेसं नव्हतं.
तिलाही कळलं, मलाही.

मग तिनं समासात लिहिलं, पेन्सिल सोडून पेनानं:
जो विकेल त्यानं मोजू नये.
मीटरची खोली काचेची असावी.
आणि फरक, सलग तीनदा एकाच बाजूला गेला तर,
मर्यादेत असला तरी, चौकशी.
बाकीची चाळीस कलमं अजून पडून होती.
कुणाचा गॅस आधी, कुणाचा दर किती,
त्यांवर संध्याकाळपर्यंत आवाज चढत राहिले.

साहेब गाडीत बोलले नाहीत.
माझा व्हिसा मार्चपर्यंत आहे.

उठताना तिनं नाव विचारलं, नोंदीसाठी.
हिंमत भदाणे.
त्यांच्या लिपीत ण नाही. तिनं न लिहिला,
मला वाचून दाखवला, बरोबर आहे ना?
मी म्हणालो, चालेल.
एवढा फरक मर्यादेत आहे.